चांगले जगणे, तत्त्वज्ञान आणि आत्यांची सही

तुमच्या पत्रात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला सर्वसाधारण आहे. आजोबा वारकरी असल्यामुळे घरात तुकोबांचे अभंग होते, शाळेत कन्नडच्या तासाला बसवण्णांची वचने पाठ केली, पदवीला तत्त्वज्ञान घेतले तेव्हा ॲरिस्टॉटल, कान्ट आणि मिल वाचले. हे सगळे वेगवेगळे सांगतात, मग नीतीने कसे जगावे हे तत्त्वज्ञान खरोखर शिकवते का, असे तुम्ही विचारता. दुसरा प्रश्न तुम्ही शेवटच्या दोन ओळींत, काहीशा संकोचाने लिहिला आहे. खानापूर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होणार आहे, वडील आणि काका दोन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणार आहेत, आत्यांनी नाही म्हटलेले नाही, तरीही तुमच्या मनाला ते टोचते आहे, आणि हे टोचणे योग्य की नुसते पुस्तकी, हे तुम्हाला ठरवता येत नाही. बेळगावातल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पहिल्या प्रश्नाची खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नात होते असे मला वाटते, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

निराशा करणारी गोष्ट आधी सांगून टाकतो. तत्त्वज्ञान वाचल्याने माणूस आपोआप चांगला होत नाही, आणि हे केवळ माझे म्हणणे नाही. एरिक श्विट्झगेबेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने काही सहकाऱ्यांबरोबर नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांचेच वागणे तपासले. मतदान, आईशी संपर्क ठेवणे, विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरे देणे अशा साध्या गोष्टींत हे प्राध्यापक इतर विषयांच्या प्राध्यापकांहून लक्षणीय चांगले वागतात, असे त्यांना आढळले नाही. मांसाहार वाईट आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते, प्रत्यक्ष ताटात मात्र तेवढा फरक दिसत नव्हता. श्विट्झगेबेल यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून नीतिशास्त्राची पुस्तके तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा अधिक प्रमाणात गहाळ झालेली होती. आमच्या व्यवसायाला हे शोभणारे नाही, पण ज्यांनी हा व्यवसाय जवळून पाहिला आहे त्यांना फारसा धक्काही बसणार नाही.

याहून मला अधिक अर्थपूर्ण वाटणारा प्रयोग १९७३ सालचा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एक छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. त्यांतील काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधील दयाळू शोमरोनी माणसाची कथा हा होता, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची कथा. त्यांच्या वाटेवर एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला असेल अशी व्यवस्था मुद्दाम केलेली होती. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. डोक्यात कोणता विषय घोळत होता याने लक्षणीय फरक पडला नाही, घाईने पडला. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून मनुष्यस्वभावाचे सिद्धान्त काढू नयेत. पण घाईचा हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आत्यांच्या सहीपाशी तो पुन्हा येणार आहे.

मग चांगुलपणा येतो कुठून? याबाबतीत तुम्ही समजता तितके मतभेद परंपरांमध्ये नाहीत. ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की घरे बांधून माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवून वादक होतो, त्याचप्रमाणे न्यायाची कृत्ये करूनच तो न्यायी होतो. सद्गुण ही सवयीतून मुरलेली वृत्ती आहे, ऐकून मिळालेली माहिती नाही. तुकोबा ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असे म्हणतात तेव्हा ते संसार सोडायला सांगत नाहीत, पैसा कसा मिळवावा आणि कसा खर्चावा हे सांगतात, आणि त्याच अभंगात पुढे परनिंदा टाळणे, गाईगुरांचे पालन करणे, तहानलेल्याला पाणी देणे अशी अगदी रोजची कामे येतात. बसवण्णांचे ‘कळबेड, कोलबेड’ हे वचन तुम्हाला पाठ असेलच. चोरी करू नको, हिंसा करू नको, खोटे बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिटकारा करू नको, स्वतःची बढाई मारू नको, समोरच्याची निंदा करू नको, हीच आतली शुद्धी आणि हीच बाहेरची शुद्धी, असे ते बाराव्या शतकात सांगून गेले. या सात गोष्टींपैकी एकही अशी नाही की जिच्यासाठी देवळात किंवा ग्रंथालयात जावे लागावे.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा या संदर्भात मला नेहमी आठवते. कौशिक नावाच्या तपस्व्याने रागाने पाहताच अंगावर विष्ठा टाकणारी बगळी जळून पडते. त्या सामर्थ्याच्या तोऱ्यात तो एका घरी भिक्षेला जातो, तर तिथली गृहिणी नवऱ्याला वाढण्यात गुंतल्यामुळे त्याला थांबवून ठेवते, आणि तो चिडल्यावर म्हणते की मी बगळी नव्हे. पुढे तीच त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेतील एका व्याधाकडे पाठवते, आणि तो व्याध मांसाच्या दुकानात बसलेला असतो. आईवडिलांची सेवा, प्रामाणिक धंदा आणि कोणाचा मत्सर न करणे, एवढ्यावर तो धर्म जाणणारा झालेला आहे. तप करणारा शिकायला येतो आणि गृहिणी व खाटीक शिकवतात, ही मांडणी करणाऱ्या कथाकाराला विद्वानांची नस चांगली सापडली होती.

इथे एक खरा मतभेदही आहे, आणि तो आपल्या भागाला लागू पडणारा आहे. बुद्धाने उपासकांसाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार येतो. म्हणजे धर्मव्याधाचा धंदाच बुद्धाच्या यादीत बसत नाही. आता निपाणीकडच्या तंबाखूचा विचार करा. कित्येक कुटुंबांची शेती आणि असंख्य बायकांची विडीवळणाची मजुरी त्या पिकावर उभी राहिली, आणि तंबाखू शरीराचे काय करतो हेही सर्वांना माहीत आहे. मी कामात प्रामाणिक आहे, म्हणून कामाच्या परिणामांचा विचार मी करायला नको, हे उत्तर धर्मव्याधाच्या नावावर खपवले जाते. पण तो व्याध स्वतः आपल्या धंद्याला निर्दोष म्हणत नाही, पूर्वकर्माने वाट्याला आलेले घोर काम म्हणतो आणि आपण स्वतः प्राणी मारत नाही असेही सांगतो. त्याची ही अस्वस्थता मला त्याच्या उपदेशापेक्षा अधिक शिकवून जाते. तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्याला पापी ठरवून कोणाचे भले होणार नाही, परंतु पर्यायी पीक परवडू लागल्यावरही जो त्याचा विचार करत नाही त्याची गोष्ट वेगळी.

सवयीने चांगुलपणा येत असेल तर तत्त्वज्ञानाचे काम काय उरले? माझ्या मते एकच महत्त्वाचे काम उरले, आणि ते म्हणजे माणूस स्वतःच्या सोयीसाठी जे युक्तिवाद रचतो ते पकडणे. कान्टने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक फार मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. आपण कर्तव्य मोडतो तेव्हा सर्वांनीच तसे वागावे असे आपल्याला कधीच वाटत नसते. नियम सर्वांसाठी तसाच राहावा आणि या एका वेळेपुरता माझ्यासाठी अपवाद व्हावा, एवढेच आपल्याला हवे असते. चोराला इतरांनी चोरी केलेली चालत नाही. लाच देणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त लाच देणारा आवडत नाही. कान्टचा बाकीचा सगळा डोलारा तुम्हाला पटो अथवा न पटो, हे निरीक्षण खोटे ठरलेले मी पाहिलेले नाही, आणि वेगवेगळ्या परंपरांतील कसोट्या बारकाईने पाहिल्या तर त्यांतल्या बऱ्याच याच एका रोगावरची औषधे आहेत असे दिसते.

मात्र अपवाद मुळीच नसावा, असे जेव्हा कान्ट म्हणू लागतो तेव्हा मी त्याची साथ सोडतो. १७९७ च्या एका लेखात त्याने असे प्रतिपादन केले की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असे विचारत असेल, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्णाने अर्जुनाला याच्या नेमकी उलट कथा सांगितली आहे. तिथेही कौशिक नावाचाच एक ब्राह्मण आहे, तो वरच्या कथेतला नव्हे. त्याने सत्य बोलण्याचे व्रत घेतलेले असते. दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारल्यावर तो खरे सांगून टाकतो, माणसे मारली जातात, आणि हा सत्यवादी नरकात जातो. मला कृष्णाचे म्हणणे पटते. परंतु ही कथा ज्याला त्याला आपल्या खोटेपणासाठी वापरता येऊ नये म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कौशिक खोटे बोलला असता तर त्यात त्याचा स्वतःचा काडीचाही फायदा नव्हता, वाचणार होते ते दुसरे. नियम मोडताना फायदा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न विचारला की अपवादांची बरीच छाननी होते.

आता तुमच्या घरच्या गोष्टीकडे वळतो. कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण नीतीची चर्चा तिच्या अज्ञानावर उभी राहू नये. कर्नाटकाने हिंदू उत्तराधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती १९९४ मध्ये अमलात आली आणि तिने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची ही अट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये हेही स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र पुन्हा उघडता येत नाहीत. तुमच्या घरी वाटणी अजून व्हायची आहे, त्यामुळे आत्यांचा हक्क भावांइतकाच आहे असे धरून चालायला हरकत नाही. कागदपत्रे मात्र वकिलाला दाखवावीत. हक्क सोडणे हेही कायदेशीर आहे. सब-रजिस्ट्रार कचेरीत सही झाली, उताऱ्यावरून नाव गेले, की कायद्याच्या दृष्टीने विषय संपतो, आणि नीतीचा नेमका तिथेच सुरू होतो.

अशा वेळी घरोघरी जे युक्तिवाद होतात ते मला आणि तुम्हालाही पाठ आहेत. तिच्या लग्नात खर्च केला. दिवाळीला, यात्रेला आपण तिला बोलावतो, चोळी-बांगडी करतो. तिच्या सासरी काय कमी आहे? जमीन तिच्या नावावर गेली तर उद्या जावई विकून मोकळा होईल. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत जड म्हणून ठेवलेला युक्तिवाद: ती स्वतःच राजीखुशीने देते आहे.

लग्नाच्या खर्चाचा युक्तिवाद फार वेळ टिकत नाही. भावांच्याही लग्नांत खर्च झालेला असतो, शिक्षणात झालेला असतो, आणि तो त्यांच्या वाट्यातून वजा केल्याचे कोणी ऐकलेले नाही. सासरच्या सुबत्तेचेही तसेच. धाकट्या भावाला चांगली नोकरी आहे म्हणून त्याने जमीन सोडावी, असे म्हटले की घरात भांडण होते. हाच तो कान्टने सांगितलेला स्वतःपुरता अपवाद आहे, एवढेच की इथे तो सबंध गावाने मिळून केलेला असल्यामुळे अपवाद वाटत नाही, रीत वाटते.

जमिनीच्या तुकड्यांचा युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खानापूरच्या पश्चिमेकडील भातशेती मुळातच लहान लहान वावरांची आहे, दहा-वीस गुंठ्यांचे आणखी चार भाग केले तर कोणालाच ते कसणे परवडत नाही, आणि परिणामांचा हिशेब मांडणारा मिलचा अनुयायी इथे योग्यच बोट ठेवील. पण त्याने हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. जमीन अखंड राहावी एवढेच खरे उद्दिष्ट असेल, तर ती एकाच्या नावावर ठेवून बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाची रक्कम हप्त्यांनी देता येते, किंवा वर्षाच्या पिकातला वाटा ठरवता येतो. तुकडे नकोत, या कारणातून रक्कमही नको हा निष्कर्ष निघत नाही. ज्या घरात पहिले वाक्य मोठ्याने म्हटले जाते आणि दुसऱ्याचा विषयच काढला जात नाही, त्या घरात तुकड्यांची काळजी हे खरे कारण नसते.

राहिला राजीखुशीचा प्रश्न, आणि या ठिकाणी तत्त्वज्ञानाने खरोखर काही शिकवले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात ‘न तत्परस्य संदध्यात्प्रतिकूलं यदात्मनः’ असे सांगितले आहे. जे आपल्याला नकोसे वाटेल ते दुसऱ्याला करू नये, ही कसोटी जगातल्या बहुतेक परंपरांत सापडते. पण तुमचे वडील प्रामाणिकपणे म्हणतील की मी बहीण असतो तर मीही सही केली असती. ते खोटे बोलत नसतील. कसोटीची उणीव अशी की माणूस दुसऱ्याच्या जागी जाताना स्वतःची सुरक्षितता बरोबर घेऊन जातो. जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये यावर एक सुधारणा सुचवली. समाजाचे नियम ठरवताना आपण कोण म्हणून जन्मणार आहोत हे आपल्याला ठाऊक नाही असे समजा, आणि मग नियम ठरवा. भाऊ होणार की बहीण, माहेरी सुखी की विधवा होऊन परतलेली, यांतले काहीच माहीत नसताना बहिणीने सही करून द्यावी ही रीत तुमचे वडील मंजूर करतील का? हा प्रश्न त्यांना शांतपणे विचारून पाहण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट मिलने १८६९ मध्ये, स्त्रियांच्या पराधीनतेविषयी लिहिताना मांडली. पुरुषांना स्त्रियांकडून नुसती आज्ञाधारकता नको असते, त्यांचे मनही हवे असते. म्हणून बायका राजीखुशीने मानतील अशा रीतीने त्यांना लहानपणापासून घडवले जाते, आणि मग त्या राजी आहेत हाच पुरावा म्हणून दाखवला जातो. अमर्त्य सेन यांनीही दाखवून दिले आहे की दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाच लहान करून घेतात, त्यामुळे त्यांची तक्रार नाही यावरून त्यांच्यावर अन्याय नाही असे ठरत नाही. आत्या सही करतात तेव्हा बहुधा त्यांना जमीन आणि माहेर यांत निवड करायची असते. उद्या नवऱ्याशी बिनसले, आजारपण आले, तर ज्या दारात जाता येईल ते दार उघडे राहावे म्हणून त्या आपला हक्क देतात. ही किंमत कोणी तोंडाने सांगत नाही, पण ती सर्वांना ठाऊक असते, आणि ती ठरवणारे तेच भाऊ असतात ज्यांना जमीन मिळते. नकार दिल्यावर काहीच बिघडणार नसेल, तरच होकाराला अर्थ असतो.

याचा अर्थ आत्यांना स्वतःचे मत नाही असा करून घेऊ नका. वाचलेल्या तरुणांकडून हा दोष हमखास घडतो. आत्यांच्या वतीने लढताना ते आत्यांनाच विचारत नाहीत. एखादी बहीण सगळे समजून उमजून, भावाची ओढग्रस्त पाहून, आपला हिस्सा देऊ शकते, आणि ते दान तिच्या मोठेपणाचे असते. ते दान आहे हे सर्वांनी मान्य केलेले असावे, एवढीच अट आहे. जे तिचे आहे असे मानलेच नाही, ते तिने दिले असे म्हणता येत नाही.

घाईचा मुद्दा इथे येतो. हक्कसोडपत्रे कधी होतात ते आठवा. तेराव्याला सगळे जमलेले असतात, किंवा यात्रेसाठी बहिणी माहेरी आलेल्या असतात, भाड्याची गाडी दारात उभी असते, कचेरीतली वेळ घेतलेली असते, आणि कागद वाचायला मागणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे ठरते. भाऊ दुष्ट असतो असे नाही. प्रिन्स्टनचे ते विद्यार्थीही दुष्ट नव्हते. थांबण्याची सवड ठेवली नाही की चांगली माणसेही जखमी माणसाला ओलांडून जातात, आणि कधी कधी सवड न ठेवणे हेच सोयीचे असते.

तुमच्या पत्रात नसलेला, पण सीमाभागात राहून टाळता न येणारा एक विषय याच कसोटीवर घासून पाहावासा वाटतो, कारण आपल्या माणसांची बाजू घेणे केव्हा सद्गुण असते आणि केव्हा पक्षपात, हे घरात कळले तर ते गावातही कळावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाची तक्रार आहे, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडे राज्योत्सव तर दुसरीकडे काळा दिवस असतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते, आणि त्याचा आग्रह धरण्यात काहीही संकुचित नाही. मी स्वतः तो धरतो. परंतु मराठीसाठी आपण जे मागतो ते जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषकांना महाराष्ट्रात मिळावे असे आपल्याला मनापासून वाटते का, हे विचारल्याशिवाय आपल्या मागणीला न्यायाची मागणी म्हणता येणार नाही. हीच गोष्ट कन्नड मित्रांनाही उलट बाजूने लागू आहे, आणि ती त्यांनाही मी कन्नडमधून सांगत आलो आहे. शिवाय राज्यसत्तेवरचा राग बाजारपेठेतल्या दुकानदारावर काढणे हे कोणत्याच कसोटीत बसत नाही, कारण त्याने सीमा आखलेली नसते.

अशा वेळी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराचा दाखला देऊन जैनांचा अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, पुढे करण्याची पद्धत आहे, आणि त्याचा अर्थ सगळेच आपापल्या परीने बरोबर असा सांगितला जातो. अनेकान्त तसे म्हणत नाही. प्रत्येक विधान कोणत्या दृष्टीने खरे आहे ते सांगण्याची जबाबदारी तो बोलणाऱ्यावर टाकतो, त्यामुळे बेजबाबदार बोलणे त्याच्या चौकटीत अधिकच अवघड होते.

वाचनाविषयी थोडक्यात. जमखंडीत जन्मलेले तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे यांची तौलनिक तत्त्वज्ञानाची संस्था आपल्या बेळगावच्या हिंदवाडीतच आहे, आणि मराठी, हिंदी व कन्नड या तिन्ही भाषांतील संतांवर त्यांनी अधिकाराने लिहिले आहे. तुकोबा आणि बसवण्णा तुमच्या डोक्यात भांडत असतील तर ते लेखन जरूर वाचा. नीती ही ईश्वरानुभवाकडे नेणारी पायरी आहे, हे त्यांचे मत मला स्वीकारता आलेले नाही, कारण ज्याला तो अनुभव कधीच येणार नाही त्याच्यावरही आत्याचे देणे तेवढेच असते. ॲरिस्टॉटल पुन्हा वाचा, पण सद्गुणांच्या यादीसाठी नको; योग्य माणसाशी, योग्य वेळी, योग्य रीतीने वागण्याविषयी तो जे सांगतो त्यासाठी वाचा. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने रागावरील लेखनात रोज रात्री दिवसभराच्या वागण्याची स्वतःच झडती घेण्याची जी सवय सांगितली आहे, ती लावून घेता आली तर उत्तम. एवढे पुरे.

आता काय करावे. वडिलांशी पहिल्यांदा बोलाल ते चारचौघांत किंवा काकांसमोर बोलू नका, आणि बोलताना कान्ट-रॉल्सची नावे घेऊ नका. मुलगा आपल्याला शिकवतो आहे असे वाटले की बाप ऐकणे बंद करतो, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. जमिनीचा उतारा, आजच्या भावाने होणारी अंदाजे किंमत आणि आत्यांचा हिस्सा एका कागदावर मांडून ठेवा, कारण कित्येक घरांत नेमके काय सोडले जाते आहे हे सोडणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही माहीत नसते. मग आत्यांकडे जा, शक्यतो त्यांच्या घरी, दोघींकडे स्वतंत्रपणे, आणि तो कागद त्यांना द्या. जमीन, रक्कम, पिकातला वाटा किंवा हक्क सोडणे, असे चारही मार्ग सांगा. उत्तर त्याच बैठकीत मागू नका. कोणताही मार्ग धरला तरी दिवाळीचे बोलावणे येईल, हे सांगण्याचा अधिकार आज तुम्हाला नसेल. तो वडिलांकडून मिळवावा लागेल, आणि सगळ्यांत अवघड काम तेच आहे.

वडिलांनी ऐकलेच नाही तर काय, असे तुम्ही विचाराल. गुलाम म्हणून आयुष्य सुरू केलेला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगतो की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. वडिलांचा निर्णय तुमच्या हातात नाही, आणि त्यासाठी घर मोडावे असे मी म्हणणार नाही. पण या जमिनीतला वाटा पुढे तुमच्या नावावर येणार आहे. त्या दिवशी आत्यांचा किंवा त्यांच्या मुलांचा हिस्सा मोजून देण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकणार नाही. तसे करायचे ठरले असेल तर आजच बायकोला, किंवा लग्न व्हायचे असेल तर होणाऱ्या बायकोला, ते सांगून ठेवा, आणि आत्यांच्या सहीच्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवा.